एकोणतीस चिठ्ठ्यांचा कौल

‘तिसरा बहार या चित्रपटास परीक्षकांनी पाचपैकी साडेचार गुण दिले, तर प्रेक्षकांनी एक पूर्णांक सहा. आपल्या भागातील सर्वसामान्य प्रेक्षक गंभीर चित्रपटासाठी अद्याप तयार नाही, हे या तफावतीवरून पुरेसे स्पष्ट होते.’

अमरावतीच्या आमच्या चित्रपट मंडळाने गेल्या वर्षीच्या महोत्सवाचा अहवाल काढला, त्यात पान अकरावर हे वाक्य छापले आहे. त्याचे व्याकरण निर्दोष आहे. आकडेही खरे आहेत. तो भागाकार माझ्या झाकणावरच झाला. मित्रांनो, खोटे एवढेच आहे की या वाक्यातले ‘प्रेक्षक’ एकोणतीस होते, आणि त्या दुपारी थिएटरात चारशे सहा माणसे बसली होती. उरलेली तीनशे सत्त्याहत्तर माणसे अहवालाने एका शब्दाच्या आत गाडून टाकली. अशा दफनाला विद्वान लोक निष्कर्ष म्हणतात.

मला हे ठाऊक आहे, कारण ते एकोणतीस माझ्याच पोटात होते.

मी संत्र्याची एक जुनी पेटी आहे. वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटला एका वखारीत हलक्या फळ्या ठोकून मला घडवण्यात आले. माझ्या जातीचे आयुष्य एका हंगामाचे असते. तळाशी तणस अंथरायची, फळे भरायची, दूरच्या बाजारात जायचे आणि तिथे चुलीत जायचे. मी मात्र अमरावतीच्या फळबाजारातच राहिले. तिथून मला चंद्रभानने उचलले. चंद्रभान हा शहरातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरचा दारवान. मंडळाला महोत्सवासाठी मतपेटी हवी होती, आणि पत्र्याची पेटी विकत घेण्याइतका उत्साह कोणात नव्हता. चंद्रभानने माझ्या फटींना आतून खाकी कागद चिकटवला, झाकणाला चीर पाडली आणि दर्शनी बाजूवर सुबक अक्षरात लिहिले: ‘जनतेचा कौल’.

ही एका वर्षाची गोष्ट नव्हे, नऊ वर्षांची आहे. नऊ महोत्सव मी दाराशी उभी राहिले. मतदानाची रीत सोपी होती. तिकिटाच्या अर्ध्या भागावर त्या त्या चित्रपटातले एक छायाचित्र असे आणि कडेला एक ते पाच आकडे. जितके गुण द्यायचे तिथपर्यंत चिठ्ठी फाडायची आणि माझ्यात टाकायची. पाच गुण द्यायचे तर छायाचित्र आरपार फाडावे लागे. आवडीची किंमत म्हणून चित्राचे दोन तुकडे! ही युक्ती ज्याला सुचली त्याला त्यात काही विचित्र वाटले नाही, आणि नऊ वर्षांत मलाही वाटले नाही. मला कौतुकाची सवय लागली होती. उद्घाटनाच्या भाषणांत माझा उल्लेख होई. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. ज्या वस्तूवर ‘जनता’ असे लिहिलेले असते तिला फार लवकर वाटू लागते की आपणच जनता आहोत.

महोत्सव संपला की मी मंडळाचे अध्यक्ष कमलाकांत सरांच्या घरी जाई. सर निवृत्त प्राध्यापक आणि पंचवीस वर्षे वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणारे. वर्षभर ते मला आरामखुर्चीशेजारी ठेवत, माझ्या पोटात नियतकालिके भरत आणि झाकणावर कागद ठेवून लिहीत. त्यामुळे माझे वाचन पुष्कळ झाले. समीक्षकांचा कौल आणि लोकांचा कौल यांतले अंतर हा सरांचा आवडता विषय. त्यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली, तीन परिसंवाद गाजवले. त्यांच्या आलेखांत दोन रेषा नेहमी एकमेकींपासून दूर पळत. खालची रेषा कोठून येते, असे त्यांनी कधी विचारले नाही. ती माझ्यातून येत असे.

‘तिसरा बहार’ हा अपेक्षाचा पहिला चित्रपट. अपेक्षा चांदूर रेल्वेची. संत्री निवडणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या बायांवर तिने चार वर्षे खपून तो केला, आणि त्यात नट घेतले नाहीत. शेंदूरजनाघाटच्या बायाच घेतल्या. अकोल्याच्या एका थिएटरचे मालक वामनराव यांनी तिला शब्द दिला होता. परीक्षक काय म्हणतात ते मले सांगू नको पोरी, असे ते फोनवर म्हणाले होते. लोकांचा आकडा तीनच्या वर गेला की आठवडाभर रोज दोन खेळ लावतो. तिला दुसरे थिएटर मिळण्यासारखे नव्हते. तो आठवडा हीच तिच्या चित्रपटाची सगळी आशा होती, आणि तो माझ्या पोटातून निघणार होता.

त्या दुपारी वरूडकडून दोन बस आणि तीन टेम्पो भरून माणसे आली. पडद्यावरच्या बाया, त्यांच्या जावा, सासवा, दीर, नातवंडे. दाराआडून मला दिसत काहीच नव्हते, ऐकू येत होते. चारशे माणसे एका वेळी हसत होती आणि एका वेळी गप्प होत होती. शेवटी टाळ्या इतका वेळ चालल्या की चंद्रभानने स्टूल सोडून आत डोकावून पाहिले.

मग दारे उघडली. सर्वांत पुढे मैनाबाई आली, पडद्यावर मुख्य काम केलेली. हातातल्या चिठ्ठीवर तिचाच चेहरा होता, मागे दहा जणी. चंद्रभानने तिला रीत समजावली. आवडला असेल तर पाचपर्यंत फाडायचे. तिने चिठ्ठी बोटांत धरली, एकदा त्याच्याकडे पाहिले.

“काहून रे भाऊ? आवडला म्हनून माह्या हातानं माहं तोंड फाडू काय?”

“बाई, नाई फाडलं तं तुमचं मत जाते.”

“जाऊ दे. मत दर पाच सालाले येते. छापलेला फोटो कवा आला मले?”

मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मैनाबाईने चिठ्ठी अलगद दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवली. तिच्यामागून एकेक जण माझ्यासमोरून गेला आणि कोणी काही टाकले नाही. कोणाची मावशी त्या चित्रात होती, कोणाची वहिनी, कोणाची शेजारीण. एक गृहस्थ दोन-दोन चिठ्ठ्या मागत होता. ज्यांचे त्या चित्रात कोणीच नव्हते, ज्यांना चित्रपट संथ वाटला आणि बायांच्या गलक्याचा त्रास झाला, त्यांनी तेवढे नियमाप्रमाणे मत दिले. एक, दोन, एक, एक. ज्यांच्यासाठी फार फाडावे लागत नाही ते आकडे.

मोजणी व्यवस्थापकाच्या खोलीत झाली. सरांनी झाकण उघडले. चंद्रभान दाराशी उभा राहून म्हणाला की हॉल पूर्ण भरला होता, चिठ्ठ्या बायांनी घरी नेल्या, आणि त्या आवडला म्हणूनच नेल्या. सरांनी चष्मा पुसला.

“नियम म्हणजे नियम, चंद्रभान. पेटीत आहे तेच मत.”

मित्रांनो, तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते. लाकडाला वाचा नसते, ही सबब मी स्वतःला वारंवार दिली आहे आणि ती दरवेळी कमी पडली आहे. मी रिकामी होते. आठ वर्षांत इतकी रिकामी कधीच नव्हते. तरी अंगावरची अक्षरे मिरवत मी टेबलावर बसले आणि रितेपणाला कौल म्हणू दिले. आता मागच्या वर्षांचेही भय वाटते. त्या आठ खालच्या रेषांत किती माणसे खिशात चिठ्ठी घालून निघून गेली होती? ज्यांना मनापासून आवडले ते बहुधा घरी पोचले होते आणि मी त्यांना शून्य समजत होते. त्या आलेखांवर एक पुस्तिका उभी आहे. तिचा पाया मी आहे.

अहवाल अकोल्याला पोचला. वामनरावांनी एका ओळीचा निरोप धाडला आणि तो आठवडा दुसऱ्या चित्रपटाला दिला. अपेक्षाने शेंदूरजनाघाटला जाऊन बायांना सांगितले. त्यांना काहीच उमगले नाही. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग नापास कोणी केले, एवढेच त्या विचारत राहिल्या.

उन्हाळ्यात अपेक्षा सरांच्या घरी आली. ती भांडेल अशी तयारी करून सर बसले होते. कोपराशी आकडेवारीची फाईल होती. ती भांडली नाही. चहा घेतला. मग म्हणाली की आपण त्या दिवशी मागच्या भिंतीशी उभे होता, मी पाहिले होते.

सर म्हणाले, “मी परीक्षक होतो. मला साडेचार गुण द्यायचे होते, ते दिले. आणखी काय?”

“मले तुमचे गुण नाई पाहिजे, सर. तुमी त्या हॉलमंधी काय पाह्यलं ते लिहून द्या. वामनकाका अजून पत्र वाचतात.”

सरांनी फाईल उघडली, मिटली. मग एक कोरा कागद माझ्या झाकणावर ठेवला.

मित्रांनो, मला आता चीर बुजवून अडगळीत टाकले तरी माझी तक्रार नाही. तुमच्या हाती मात्र रोज आकडे येतात, तारे येतात, टक्के येतात. ते घेऊ नका असे मी म्हणत नाही. आकडा हातात घेतला की आधी दाराशी जाऊन उभे राहा आणि कोण काही न टाकता निघून गेले ते पाहा. माझ्यासारखी पेटी सांभाळायची तर पुसून, खिळे ठोकून भागत नाही. तिच्या बाहेर राहिले त्याचीही काळजी वाहावी लागते. मी ती वाहिली नाही. सरांनीही नाही. त्यांच्या लेखणीचा दाब माझ्या फळ्यांत उमटला, म्हणून त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देऊ शकते:

“वामनराव, चित्रपटात चार मिनिटांचे एक मौन आहे. मैनाबाई भरलेल्या पेट्यांपाशी नुसती बसून असते. मी त्याला माझ्या परीक्षणात ‘अस्तित्वाची पोकळी’ म्हटले. त्या दुपारी माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘ट्रक नाई आला व तिचा, आता फळं नरम पडतीन.’ सगळी रांग हळहळली. मला ट्रक दिसलाच नव्हता. साडेचार गुण मी न कळलेल्या चित्रपटाला दिले होते, आणि ज्यांना तो कळला त्यांच्यामध्ये मी एकटा अडाणी उभा होतो. पेटीत फक्त एकोणतीस चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. चंद्रभानने मला खरे सांगितले होते. मी ते ऐकले होते. तरीही अहवालातले ते वाक्य मी लिहिले.”