बेडकाच्या तोंडातला घास

भाचीनं बेडकाच्या जीवाश्मावरचा कापूस उचलला. खालची माती फुगली होती.

"मामा, हा ओला कापूस तू ठेवलास?"

"मग कोण ठेवणार? तू प्लास्टर आणायला गेलीस, म्हटलं तोवर माती मऊ करून ठेवू. तेवढाच तुझा हात वाचेल." मामा कौतुकाची वाट बघत होता.

मामाचं सारं आयुष्य संग्रहालयाच्या याच तळघरात, चुनखडीतून माशांचे जीवाश्म मोकळे करण्यात गेलं होतं. चुनखडी एवढ्यातेवढ्या पाण्याला दाद देत नाही. ओला कापूस आणि जिभेवर भिजवलेला कुंचला ही त्याची हत्यारं. भाचीला हे काम शिकवलं तेही त्यानंच. पण हा बेडूक चुनखडीतला नव्हता. तो ज्या चिकणमातीत सापडला, ती पाणी प्यायली की फुगते आणि हाडांना आतून ढकलते.

बेडूक डायनासोरांच्या काळातला. फुटबॉलएवढा, आणि बघावं तिकडून तोंडच तोंड. धावून शिकार करणाऱ्यांतला तो नव्हे. भुसभुशीत जमिनीत स्वतःला गाडून घ्यायचं, डोळे तेवढे वर ठेवायचे आणि बसून राहायचं. समोरून काही सरपटलं की झडप! एकदा जबडा मिटला की मिटला. निदान भाचीची तशी खात्री होती, आणि पुरावा याच बेडकाच्या मिटलेल्या तोंडात होता. जबड्याच्या कडेतून सुईएवढं एक हाड डोकावत होतं. बेडकाचं नव्हे, कुठल्याशा सरपटणाऱ्या पिल्लाचं. ते घशापर्यंत गेलं असेल तर तो घास. नाहीतर योगायोगानं शेजारी पडलेली दोन मढी. सगळं त्या हाडाच्या जागेवर अवलंबून होतं. सोमवारी क्ष-किरणांखाली आतलं दिसणार होतं. त्याआधी हाड जागचं हललं, तर खेळ खलास.

आणि तोंड उघडत होतं. केसाएवढी भेग बघता बघता नखाएवढी झाली.

"धर, मामा! दोन्ही बाजूंनी. दाबू नकोस, नुसतं धर."

मामानं कवटीला तळहात लावले. ती ड्रॉपरनं स्पिरिट सोडू लागली. स्पिरिटनं पाणी हटवलं तर फुगणं थांबेल. थेंब, पुन्हा थेंब. भेग काही थांबेना.

"अगं, राळ ओत ना वरून. चिकटेल सगळं."

"ओल्यावर राळ धरत नाही. तूच शिकवलंस."

"शिकवलं खरं," मामा पुटपुटला. "मलाच कोणी शिकवायला हवं होतं."

ते सुईसारखं हाड किंचित हललं. मग तिच्या ध्यानात आलं: मामाच्या हातांमुळे कवटीचं छत वर हलत नव्हतं, म्हणून मातीचा सगळा रेटा पुढे, नेमका त्या हाडावर येत होता. छत सुटलं तर मातीला वर जागा मिळेल. पण ते अख्खं निघणार नव्हतं. आणि इतकी सबंध कवटी आजवर कोणाच्या हाती लागली नव्हती.

"मामा, हात काढ."

"काढला तर फुटेल."

"फुटू दे."

"वेडी आहेस का? संग्रहालयाच्या साहेबांनी दर्शनी कपाट रिकामं करून ठेवलंय या कवटीसाठी. निवृत्त होता होता एवढं एक काम माझ्या हातून..."

"घास जाईल, मामा! कवटी पुन्हा कुठे तरी सापडेल, हा घास नाही सापडायचा. काढ ना रे!"

मामानं डोळे मिटले आणि हात उचलले.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. छताच्या चकत्या एकामागोमाग ट्रेमध्ये घसरल्या. तिनं तिकडे बघितलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मातीवर पडू नये म्हणून मान मागे घेऊन ती थेंब सोडत राहिली. बाटली संपत आली तेव्हा भेग थांबली होती.

मातीचा गोळा वरून उघडा पडला होता. तिनं बाजूनं उजेड धरला. सुई आत जाड होत गेली होती, मग एक सांधा, मग दुसरं हाड, सरळ घशाकडे वळलेलं.

"गिळत होता?" मामानं विचारलं. अजून त्यानं डोळे पुरते उघडले नव्हते.

"गिळत होता."

मामानं ट्रे पुढे ओढला. किती तुकडे, कुठला कुठे बसणार, काही कळत नव्हतं. त्यानं एक चकती उचलली, कुंचला घेतला आणि सवयीनं जिभेकडे नेला. तिथेच तो थांबला. मग त्यानं कुंचला सदऱ्याला पुसला, आणखी एकदा पुसला, आणि कोरडाच चकतीवर फिरवायला घेतला.