वरून पुसलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत, एका कोपऱ्यात पडून आहे. माझी नळी फाटली आहे.

एक्याण्णव साली कनेरगाव नाक्याजवळच्या रामकिशननं पीकरक्षणाचा परवाना काढून मला घरी आणलं. रानडुकरं त्याची उभी ज्वारी लोळवायची. तो हवेत बार काढायचा आणि कळप पळून जायचा. त्यानं माझ्याकडून कधी कुणाचा जीव घेतला नाही, याचा मला अभिमान वाटे.

बार काढला की त्याच दिवशी तो मला साफ करी. आत काडतूस नाही ना, हे आधी बघी. मग गजाला चिंधी गुंडाळून काजळी काढी, तेलाचा हलका हात फिरवी आणि नळी उजेडाकडे धरून आरपार बघे. बार काढला नसला तरी पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा हे ठरलेलंच. त्याची बायको चंद्रभागाबाई हसून म्हणायची, "इतकं तर लेकराला बी न्हाऊ घातलं न्हाई तुमी."

पुढं रामकिशन काविळीनं गेला. परवाना मुलाच्या, शिवहारच्या नावावर झाला. बापाची आठवण म्हणून त्यानं मला बैठकीत भिंतीवर टांगलं. रोज फडक्यानं पुसायचा. पाहुणे माझी चकाकी वाखाणायचे. आत मात्र गंज चढत होता. एका उन्हाळ्यात कुंभारीण माशीनं माझ्या नळीत चिखलाचं घर बांधलं. ते कुणाला दिसलं नाही.

"तुझा बाप हिच्यात गज फिरवायचा रे," चंद्रभागाबाई एकदा म्हणाली.

"चालवायचीच न्हाई, तर काहून साफ करू, माय?" शिवहार म्हणाला.

दोन हजार चार साली सोयाबीनची काढणी चालली होती. भर दुपारी घरामागच्या रानात डुकरं शिरली. एक दांडगा नर थेट चंद्रभागाबाईच्या रोखानं निघाला. शिवहार धावत घरात आला. मला भिंतीवरून ओढून काढलं, काडतूस घातलं आणि रानात जाऊन हवेत बार काढला.

बुजलेल्या नळीतून बाराला वाट मिळाली नाही. मी फाटले. त्या आवाजानं डुक्कर पळालं, माय वाचली. पण शिवहारच्या डाव्या हाताची तीन बोटं तुटली. चंद्रभागाबाईनं पदर फाडून त्याचा हात बांधला. पोलिसांनी मला जप्त करून ठाण्यात आणलं.

हात बरा झाल्यावर तो जबाब द्यायला ठाण्यात आला. हवालदारानं माझ्या नळीत डोकावून विचारलं, "शेवटची साफ कधी केली होती?"

"रोज पुसत व्हतो, साहेब," तो म्हणाला आणि खाली बघू लागला. "वरून."

ठाण्यात येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं, घरच्या मेंढ्यांची लोकर कातरणं आता त्याला जमत नाही. म्हातारी माय मेंढी धरून बसते आणि दुसऱ्याच्या लेकाला कातरायला बोलावते.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखीला हात लावू नका. पण कुणाच्या घरी भिंतीवर अशी एखादी चकाकताना दिसली, तर घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा, हिला आतून कधी पाहिलंत?