खडकवासल्याला इस्त्री

बाबुरावांच्या आयुष्यात चुरगळलेल्या गोष्टीला जागा नव्हती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली, दर रविवारी विहारात गेले, पण बिनइस्त्रीच्या सदऱ्यात त्यांना कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल हात वर करावा. "आपल्या माणसानं कडक राहावं," असं म्हणायचे. आता लेकीचं नाव विसरले होते, इस्त्री मात्र विसरले नव्हते.

लेक तनुजा शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी जपानी पद्धतीनं लाकडी ठशांची चित्रं छापायची. या कामात प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि सगळे रंग बसेपर्यंत कागद ओलसर राहायला हवा. वाळला की आकसतो, मग पुढचा ठसा जागेवर बसत नाही. चार महिने खपून तिनं खडकवासला कोरला होता: धरणाचं पाणी, मागचे डोंगर, काठावर बाबांची सायकल. लहानपणी त्याच सायकलच्या दांडीवर बसवून ते तिला तिथे न्यायचे. आता मोबाइलवर तिथला फोटो दाखवला की बाजूला सारायचे. कागदावरचं चित्र समोर धरलं तर ओळखतील, एकदा तरी "तनू" म्हणतील, एवढीच तिची आस होती.

पाच रंग बसले. राहिल्या फक्त काळ्या रेषा. बारा ओले कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ती भाजी आणायला गेली.

परत आली तर बाबुराव टेबलावर चादर अंथरून उभे. अकरा कागद कडक, बारावा इस्त्रीखाली.

"ओले होते हो बाई," ते म्हणाले. "असं कुणी ठेवतं का? वास मारेल."

तनुजाला रडावं की ओरडावं, कळेना. ओरडणार तरी कुणावर? माणूस कित्येक दिवसांनी खुशीत होता. तिनं कागद पुन्हा भिजवले, पण भाजलेला कागद कुणाच्या बापाचं ऐकत नाही. काळ्या ठशावर कागद दाबून उचलला, तर डोंगर पाण्यात घसरलेले, सायकलची चाकं दांडीपासून सुटलेली. बाराही कागदांची तीच गत.

तरी त्यातल्या त्यात बरा कागद तिनं त्यांच्यासमोर धरला. "बाबा, हे कुठलं आहे?"

त्यांनी कागदाची कड बोटानं सरळ केली. "छान आहे," म्हणाले. "पण आपण कधी पाहिलेलं नाही, बाई."

चित्र बिघडलं म्हणून ओळखलं नाही, की नीट असतं तरी ओळखलं नसतं? जपानहून नवा कागद यायला दोन महिने. तोवर बाबुराव असतील. तिचे बाबा असतील की नाही, हे कुणी सांगावं?