पुनमचंद सरांचा कॉम्प्युटर

ऐश्वर्यानं बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि आतून एक लांब, कर्कश शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. पुन्हा थांबून, पुन्हा. पडदा काळाच.

तिनं बटण दाबून धरलं तेव्हा कुठे ती शिट्टी बंद झाली. मग शेजारच्या वर्गातून तिसरी-चौथीच्या पोरांचे पाढे ऐकू यायला लागले. तेराच्या पाढ्यात कुणीतरी अडखळलं होतं आणि सगळा वर्ग हसत होता. पोरांनी शिट्टी ऐकली नव्हती. निदान अजून तरी नाही.

मुख्याध्यापकांची ही खोली एरवी कुलूपबंद असे. किल्ली पुनमचंद सरांच्या कमरेला. आज ते सेनगावला मीटिंगला गेले होते आणि खिचडीचे तांदूळ काढायचे म्हणून किल्ली स्वैपाकीण नानीबाईकडं ठेवून गेले होते. नानीबाईनं खोली उघडली, झाडून घेतली, तांदूळ काढले आणि चुलीकडं गेली. दार उघडंच राहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर निळ्या कापडाखाली कॉम्प्युटर होता. तीन वर्षांपूर्वी शाळेला मिळालेला. पडद्यावर पूजेचं हळदीकुंकू अजून वाळून बसलेलं.

ऐश्वर्या या तांड्यावरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागल्याला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत तिनं पाचदा तरी विचारलं होतं, "सर, पोरांना कॉम्प्युटर दाखवू का?" सरांचं उत्तर ठरलेलं. आज लाईट न्हाई. उंदरानं वायर कुरतडलीय. साहेबाची परवानगी लागते. आज लाईट होती. आणि तिच्या पिशवीत हिंगोलीच्या कॉम्प्युटर क्लासमधून मागून आणलेली जुनी सीडी ड्राईव्ह होती, ग्रह-ताऱ्यांची एक सीडी होती. मायबाप ऊसतोडीला गेलेली, आजा-आजीच्या भरवशावर राहिलेली चाळीस लेकरं सर परत यायच्या आत पडद्यावर शनीची कडी बघतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आधी नुसतं चालू करून बघायला पाहिजे होतं. ते तिनं केलं नाही. थेट चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला, ड्राईव्ह बसवली, रुंद पट्ट्याची वायर ओढून जोडली आणि मग बटण दाबलं.

आता तिनं ड्राईव्ह पुन्हा काढली. वायर होती तशी गुंडाळून ठेवली. मनात कुणाकुणाची नावं घेत बटण दाबलं.

तीच शिट्टी.

क्लासमध्ये संतराम सरांनी शिकवलेलं तिला चांगलं आठवत होतं. एक बारकी टिक वाजली तर सगळं ठीक. लांब शिट्टी थांबून थांबून येत राहिली तर मशीनला मेमरी सापडत नाही. मेमरी म्हणजे कंगव्याएवढी हिरवी पट्टी, खालच्या बाजूला सोनेरी दात असलेली. बहुतेकदा ती नुसती सैल झालेली असते. काढायची, दात खोडरबरानं घासायचे, पुन्हा दाबून बसवायची. एवढंच. तिनं बोर्डातली पिन काढली आणि पट्टी काढायला वाकली.

पट्टी नव्हती.

दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी. दोन्ही रिकाम्या.

 वायर ओढताना धक्का लागला असेल. पट्टी निसटून खाली पडली असेल. तिनं डब्याच्या तळाशी चाचपलं, टेबलाखाली पाहिलं, तांदळाची पोती एकेक करून सरकवली. भिंतीला हात टेकून फटीत डोकावली. काही नाही. मग झाडलेली जमीन दिसली आणि ती चुलीकडं धावत सुटली.

"नानीबाई, खोली कधी झाडली तुमी?"

"सकाळीच की. मंग तुमी आत खुडबुड करून राहिल्या, तवा पुन्यांदा दाराशी केरसुनी मारली. काय हरपलं?"

"हिरवी पट्टी. एवढी. दिसली का?"

नानीबाईनं फुंकणी खाली ठेवली. "म्या न्हाई पाहिली बाई. थोडा कचरा उकिरड्यावर टाकला. थोडा चुलीत घातला."

ऐश्वर्यानं चिपाड घेऊन चुलीतली राख उकरली. उकिरड्यावर गुडघे टेकून भुसा, खडूचे तुकडे, बोरांच्या बिया चाळल्या. साडीला राख लागली, नखांत माती गेली. वर्गाच्या खिडकीत आता सात-आठ डोकी गोळा झाली होती. एकानं विचारलं, "बाई, तुमचं कानातलं पडलं का?" ती चाळतच राहिली. 

तीन वर्षं शिक्षणसेवक, मग कायम. त्या तीन वर्षांत एकही ठपका नको, हे तिला घरातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. तिचा बाप भीमराज मोंढ्यात हमाली करायचा. ती रुजू व्हायला निघाली तेव्हा जीपच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला होता, "सरकारी वस्तूला हात लावताना दोनदा इचार कर, पोरी. आपल्या हातून पेला फुटला तर लोकं रांजण फुटला म्हणून सांगतात." तेव्हा तिला बापाचा थोडा रागच आला होता.

ती खोलीत परतली. निदान पत्रा तरी लावून ठेवू, कापड टाकू, म्हणून तिनं स्क्रू उचलले. पहिलाच स्क्रू हातातून निसटून घरंगळत पोत्याखाली गेला. आणि बाहेर मोटारसायकल थांबली.

"दार काहून उघडं आहे?"

पुनमचंद सर उंबऱ्यात उभे होते. दोन वर्षांनी निवृत्त होणारा, कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस. उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा तांबडा असतो. त्यांचा पांढराफटक पडला होता. ते तिच्याकडं बघतच नव्हते. उघड्या डब्याकडं बघत होते.

"सर, माझ्या हातून बिघडलं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण नीट सांगू, पण शब्द एकावर एक पडत गेले. "मी सीडी ड्राईव्ह बसवत होते. आतली पट्टी कुठं पडली कळत न्हाई. मी भरून देईन सर, मी नवीन आणते, फक्त—"

सरांनी आत येऊन दार लावलं आणि कडी घातली. आता बोलतील, असं वाटून ती भिंतीला टेकली.

"वाजलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"चालू केल्यावर. वाजलं का?"

"व्हय."

"लांब? थांबून थांबून?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. सर तांदळाच्या पोत्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"टेम्पोतून दोघं जण आले होते," ते म्हणाले. "हे सामान उतरवलं, वायरी जोडल्या. लाईट नव्हती. सगळं बराबर, चालू स्थितीत मिळालं म्हणून माझी सही घेतली अन् गेले. संध्याकाळी लाईट आली. मी एकटाच होतो. मला वाटलं, आपण आधी पाहावं. बटण दाबलं अन् बसल्या बसल्या एक कळ दाबली. कोणती ते आता आठवत न्हाई. अन् हे असं बोंबलाया लागलं."

त्यांनी टोपीची घडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"सव्वा महिनाभर मला झोप न्हाई. पुऱ्या तांड्यानं नारळ फोडला होता त्याच्यापुढं. कोणाला सांगू, की मास्तरनं पहिल्याच दिवशी मोडून ठेवलं? बायकोला बी न्हाई सांगितलं. साहेब यायचा झाला की मी बाहेर जातो अन् बोर्डावरचा फ्यूज काढून खिशात घालतो. लाईट न्हाई म्हणतो. तीन वर्षं."

ऐश्वर्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि ती सरांची टेबलावरची बॅटरी घेऊन डब्यावर वाकली. या वेळी तिनं घाई केली नाही. दोन्ही खाचांवर उजेड धरला. धूळ होती. सारखी, मऊ, कुणाचा हात न लागलेली धूळ. आणि एका खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळ्याचं जाळं ताणलेलं होतं. जुनं, करड्या रंगाचं. मध्ये एक वाळलेलं चिलट.

"सर, इकडं या. हात लावू नका, नुसतं बघा."

ते वाकले. चष्मा वर केला.

"पट्टी इथं बसते. आज सकाळी इथं पट्टी असती, तर हे जाळं कसं राहिलं असतं?" तिनं उजेड जाळ्यावर धरला. "ही पडली न्हाई सर. ही आलीच नव्हती. डबा असाच रिकामा आला."

"म्हणजे ती कळ दाबल्यानं न्हाई?"

"न्हाई सर."

"माझ्या हातानं न्हाई?"

"कळ दाबल्यानं पट्टी कशी जाईल सर? ती आतच नव्हती."

सर जाळ्याकडं बघत तसेच वाकून उभे राहिले.  मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते ताठ झाले.

"साहेब येऊन राहिलेत," ते म्हणाले. "विस्तार अधिकारी. मागच्या जीपमध्ये आहेत. कॉम्प्युटरच तपासायचा म्हणले मीटिंगमध्ये."

रस्त्याच्या वळणावर हॉर्न वाजलाच.

सरांनी उघड्या डब्याकडं पाहिलं. मग ऐश्वर्याच्या राखेनं माखलेल्या हातांकडं पाहिलं. ते पाहणं क्षणभराचंच होतं, पण तिला त्याचा अर्थ कळला. खाच रिकामी होती हे आता दोघांना ठाऊक होतं. पण कागदावर सरांची सही होती, सगळं चालू स्थितीत मिळालं म्हणून. खरं सांगितलं तर न तपासता केलेल्या सहीचा जाब सरांना द्यावा लागणार. दोन वर्षांवर पेन्शन आलेली. आणि नाही सांगितलं, तर समोर काय दिसणार होतं? परवानगीशिवाय उघडलेला डबा आणि आठ महिन्यांची शिक्षणसेवक. सरांना खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

"सर," ती म्हणाली. 

सर कडी काढून बाहेर गेले. व्हरांड्यात वीजबोर्डाखाली त्यांची पावलं थांबलेली तिला ऐकू आली. फ्यूज काढला तर आजचा दिवस निभावेल, तिला वाटलं. काढा. काढा ना सर. मग वाटलं, उघडा डबा तर तरीही दिसेल. तिनं पत्रा उचलला आणि तो कसाबसा लावायला लागली, तोच जीपचं दार आपटलं. पोरांचं "नमस्ते साहेब" झालं.

साहेब आत आले. पंचेचाळिशीचे, घाईतले. हातात फाईल. मागं सर. साहेबांची नजर थेट टेबलावर गेली.

"हे काय? कोणी उघडलं हे?"

ऐश्वर्याच्या हातात पत्रा तसाच होता. वर्गातला आवाज थांबला होता. दारात नानीबाई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं पोरं.

"मी उघडाया लावलं," पुनमचंद सर म्हणाले. "बाईंना समजतं त्यातलं."

"तुम्ही? कशासाठी?"

उत्तर द्यायच्या ऐवजी सर पुढं आले आणि काढलेली पिन पुन्हा बोर्डात लावली. त्यांनी बोट बटणावर ठेवलं.  दुसऱ्या हातानं त्यांनी टेबलाची कड धरली आणि बटण दाबलं.

दिवा लागला. शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. पोरं कानांवर हात ठेवून हसायला लागली. साहेबांनी कपाळाला आठी घातली.

"बंद करा ते."

"थोडं ऐका साहेब," सर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून असंच वाजतं. मी कोणाला सांगितलं न्हाई."

आणखी दोन शिट्ट्या झाल्या. मग सरांनीच बंद केलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पो, सही, फ्यूज, काही न गाळता, हजेरी वाचावी तशा आवाजात. साहेब आधी उभे होते, मग खुर्चीवर बसले. त्यांनी बॅटरी मागून घेतली, वाकून जाळं पाहिलं, मग फाईल उघडून उगाच मिटली.

"सर, हे लेखी द्यावं लागेल. याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?"

"माहीत आहेत."

"आणि सही तुमची आहे."

"माझीच आहे."

साहेबांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. सरांनी खिशातून पेन काढलं. वर तारीख घातली, शाळेचं नाव घातलं. त्यांचं अक्षर फळ्यावर असायचं तसंच होतं, मोठं, वळणदार. तिसऱ्या ओळीशी ते थांबले. मान वर करून त्यांनी ऐश्वर्याकडं पाहिलं.

"बाई, त्या जागेला बराबर काय म्हणतात ते सांगा. चुकीचं लिहायला नको."

 पत्रा अजून हातात होता. तिनं तो भिंतीशी टेकवून ठेवला आणि टेबलाजवळ आली.

"मेमरीची खाच, सर," ती म्हणाली. "दोन खाचा लिहा. दोन्ही रिकाम्या."

सर लिहू लागले.