तरतूद नावाचा प्राणी

मी एक... थांबा, पहिल्याच वाक्याला अडखळलो. की अडखळले? माझं हे असंच आहे. तुम्ही तुमची ओळख एका दमात सांगून मोकळे होता. मला मात्र मी कोण, हे अजून कुणी धड सांगितलेलं नाही. कापड, कापूस आणि खोटे केस मिळून मी बनलो, माझ्या पाठीला चेन आहे आणि आत माणूस शिरला की मी चालतो, एवढं नक्की. लोक मला सोंग म्हणतात. पण कुणाचं सोंग, ते विचारू नका.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. नाटकाचे कपडे शिवणारा म्हातारा शिंपी, सगळे त्यांना मामा म्हणत. एक दिवस त्यांच्या भाचीचा फोन आला. ही भाची नदीकाठच्या प्राण्यांसाठी छोटी संस्था चालवते आणि लोक तिला ताई म्हणतात. इकडे मशीन खडखडत होतं. "मामा, मोर्चासाठी एक ऊद शिवून द्या," ताई म्हणाल्या. मामांनी फोनवरच मान डोलावली आणि कापड पसरलं.

ताई न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. माझ्या मागे लांबलचक, पट्ट्यापट्ट्यांची शेपूट लोंबत होती.

"मामा, ही कुणाची शेपूट?"

"उदमांजराची. तूच सांगितलंस ना?"

"मी ऊद म्हणाले हो! ऊद म्हणजे पाणमांजर. ते नदीत पोहतं, मासे खातं. उदमांजर निराळं, ते झाडावर असतं."

"अगं, मांजर दोन्हीकडे आहेच की," मामा तोंडातली टाचणी काढत म्हणाले. "आणि मोर्चात शेपूट कोण बघतंय? पुढून बघ. पुढून ऊदच आहे."

अशा रीतीने मी पुढून ऊद आणि मागून उदमांजर होऊन ताईंच्या घरी आलो. पोहायचं की झाडावर चढायचं, हा घोळ तेव्हापासूनचा. मला दोन्ही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्या आत शिरायचं काम ताईंच्या धाकट्या दिरांकडे आलं. हे भाऊजी एरवी पार्सलची गाडी चालवतात. माणूस धिप्पाड, पण वहिनीपुढे 'नाही' हा शब्द त्यांना आठवत नाही. माझ्या डोक्यात शिरलं की त्यांना ऐकू कमी येई आणि दिसे त्याहून कमी, त्यामुळे आम्ही दोघं मिळून दिसेल त्याला धडकत असू. "वहिनी, डावीकडे की उजवीकडे?" असं ते आतून विचारत. मलाही तोच प्रश्न पडलेला असे.

मग ताईंच्या पुढच्या खोलीत ती बैठक भरली. मी खुंटीवर होतो. पक्ष्यांच्या संस्थेच्या काकू आल्या, वटवाघळांसाठी झटणारे मास्तर आले, घराघरांतून साप पकडून रानात सोडणारे दादा आले. चहाचे कप हातात पडतात न पडतात तोच ताईंनी विषय काढला.

"या वर्षी सरकार वन्यप्राण्यांच्या तरतुदीला कात्री लावणार आहे. तरतूद गेली की प्राण्यांचा दवाखाना बंद. जाळ्यातून सोडवलेलं ते उदाचं पिल्लू तिथेच आहे. त्याने अजून डोळेसुद्धा उघडलेले नाहीत. तरतूद वाचली तरच ते वाचेल."

माझ्या अंगावर काटा आला. कात्री म्हणजे काय, हे शिंप्याच्या दुकानात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. आणि तरतूद! नाव पहिल्यांदाच ऐकत होतो, पण नावातच ऊद होता. पाण्यात तरतो तो ऊद, म्हणून तरतूद. ही नक्कीच त्या पिल्लाची आई असणार. कुणीतरी कात्री घेऊन तिच्या मागे लागलंय आणि ही मंडळी इथे चहा पितायत!

"गेल्या वर्षीच ती अर्ध्यावर आली होती," मास्तर म्हणाले.

"आणि उरली ती नुसती कागदावर," काकू म्हणाल्या.

बिचारी! अर्धी झालेली आणि वर कागदावर ठेवलेली आई मला डोळ्यांसमोर आणता येईना.

सरकारी समितीपुढे सुनावणी होती. सगळ्या संस्थांनी मिळून एकच मागणी मांडली तर काही आशा होती, सुटे सुटे गेलो तर कुणी विचारणार नाही, असं ताई परोपरीने सांगत होत्या. सगळ्यांना ते पटतही होतं. पण मागणीच्या फलकावर चित्र कुणाचं, यावर गाडी अडली.

"दर वेळी केसाळ प्राणीच पुढे," काकू कडाडल्या. "आमच्या पक्ष्यांनी काय घोडं मारलंय?"

"तुम्ही उगाच आपलंच घोडं पुढे दामटू नका," मास्तर म्हणाले.

हा घोडा कुणाचा आणि तो कुणी मारला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घोड्यांची संस्था तर बैठकीला आलीही नव्हती.

शेवटी ताईंनी तोडगा काढला. प्रत्येकाचं काहीतरी मला जोडायचं. मी पुन्हा मामांच्या दुकानात गेलो आणि चोच, वटवाघळाचे पंख आणि पोटावर सापाचे खवले घेऊन परत आलो. "एक ना धड, भाराभर चिंध्या," मामा शेवटचा दोरा तोडत म्हणाले. आधी मी दोन प्राण्यांत अडकलो होतो, आता पाचांत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

काकूंचं तरीही समाधान झालं नाही. त्यांच्या मते चोच फार लहान होती. "येईन मी," त्या म्हणाल्या, "पण आमची वेगळी मागणी पर्समध्ये असेल. गरज पडली तर काढीन." मंडळी गेल्यावर ताई माझ्यापाशी आल्या आणि माझ्या खोट्या केसांत तोंड खुपसून रडल्या. मला फार वाईट वाटलं. पण हात हलवायचे तर आत भाऊजी लागतात.

सुनावणीच्या दालनात शिरतानाच आम्ही चौकटीला धडकलो आणि माझा एक पंख गळून पडला. लांब टेबलापलीकडे अध्यक्षबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून मला न्याहाळलं.

"हे काय आहे?"

"पाणमांजर," ताई म्हणाल्या. "वटवाघूळ," मास्तर म्हणाले. "सापाचंही बघा थोडं," दादा म्हणाले. तिघेही एकाच वेळी बोलले.

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुमचंच आपसात ठरलेलं नाही. मग आम्ही तरतूद ठेवायची ती कशाला?"

तेवढ्यात काकूंनी पर्स उघडली. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. आता ती वेगळी मागणी बाहेर येणार आणि आमच्या फजितीवर शिक्का बसणार. मला तर शेपूट घालून पळावंसं वाटलं. पण कुठली शेपूट, हा प्रश्न होताच.

काकूंनी पर्समधून सेफ्टी पिन काढली. खाली वाकून त्यांनी मास्तरांच्या वटवाघळाचा पंख उचलला आणि माझ्या खांद्याला पुन्हा लावला. आतून भाऊजी "आई गं!" म्हणून ओरडले.

"ही तरतूद आहे, बाई," काकू म्हणाल्या. "हिच्यात आमचं कुठलं आणि यांचं कुठलं, हे आता मलाही सांगता येणार नाही. तुम्ही कुठेही कात्री लावा, उसवेल ती सगळीच."

तरतूद? मी? मी गोंधळाने इतका सुन्न झालो, की भाऊजी खाली बसले तरी आपण उभेच आहोत असं मला वाटत होतं. इतके दिवस जिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, ती मीच?

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बोला," त्या म्हणाल्या. मग ताई बोलल्या, मास्तर बोलले, दादा बोलले, आणि या वेळी एकामागून एक बोलले. काकूंची पर्स पुन्हा उघडली नाही. पुढे काही दिवसांनी तरतूद कायम राहिल्याची बातमी आली, तेव्हा ताई हसता हसता रडू लागल्या. भाऊजी गडबडले. "वहिनी, म्हणजे जिंकलो ना आपण?"

सध्या माझा मुक्काम प्राण्यांच्या दवाखान्यात आहे. पिल्लाने डोळे उघडले, पण ते रात्रंदिवस आईसाठी रडायचं, दुधाला तोंड लावेना. तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला मागून घेतलं आणि त्याच्या खोक्यात पसरलं. तरतूद म्हणजे नेमकं काय, असं भाऊजींनी त्यांना एकदा भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या करातून आधीच बाजूला काढून ठेवलेले पैसे. कोण जखमी होऊन येणार, हे माहीत नसताना त्याच्यासाठी ठेवलेले."

पैशांचं मला कळत नाही. पण जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी आधीच जागा करून ठेवणं, हे तर आईचं काम. म्हणजे माझं फार चुकलं नव्हतं.

तर मी तरतूद बोलतेय. पुढच्या वर्षी कात्री पुन्हा निघेल, दर वर्षी निघते म्हणे. त्या दिवशी घरी बसू नका. आपापली चोच, आपापले पंख घेऊन या, आणि जमलं तर एखादी सेफ्टी पिनसुद्धा. आता आवाज लहान करते. पिल्लू दूध पिऊन, माझी पट्ट्यापट्ट्यांची शेपूट घट्ट कवटाळून झोपलंय. ती उदाची नाही, हे त्याला कुणी सांगू नका.