बारा, आठ, सहा, एकोणतीस

ऋग्वेददादाला लाल-हिरवा कळत नाही, हे मला धुक्यात कळलं.

जानेवारीतली सकाळ. मी त्याच्या स्कूटीवर मागे बसून सेक्टर १७ ला चाललेले. तिथे सिटी बसच्या ड्रायव्हर भरतीचा त्याचा क्लास. लेखी झालेली, मैदानावर बस चालवून दाखवायची ती पण झालेली, राहिलं होतं फक्त मेडिकल. लाइट पॉइंटला, इकडे पंजाबकडे सिग्नलला तेच म्हणतात, लाल होता आणि हा सरळ आत घुसला. डावीकडून आलेला ट्रक आमचा आरसा घासून गेला. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली, आंधळा आहेस का म्हणून.

पुढे कडेला स्कूटी लावून त्याने सांगितलं. दोन्ही रंग त्याला सारखेच दिसतात. तो जागेवरून ओळखतो, वरचा लाल, खालचा हिरवा. धुक्यात खांब दिसत नाही, नुसता उजेड दिसतो, मग पुढच्या गाडीचं बघून चालतो. त्या दिवशी पुढे गाडीच नव्हती.

मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. क्लासमधल्या पोरांकडे त्या पानांचे फोटो होते. दादा ते पाढ्यांसारखे पाठ करत होता. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. अंघोळ करताना पण तेच. बाबांना वाटायचं, पोरगं काय अभ्यास करतंय. मी एकदा मधलंच पान दाखवलं, तर आकडा येईना, त्याला नुसता क्रम पाठ. मी फोन गादीवर आपटला.

म्हणलं, "बसमध्ये पन्नास माणसं असतील, यार."

"तू दहावीला तरी बसलीस का? आलीय मला शिकवायला."

आईला सांगून बघितलं. ती भाजी निवडत होती, मान पण वर केली नाही. "भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही का गं तुला?" पुढचं मला माहीत होतं. बाबा मार्चमध्ये रिटायर, मग सरकारी क्वार्टर सोडायचा, आणि दादाच्या वयाला ही शेवटची भरती. मी बाबांना सांगितलंच नाही.

मेडिकलच्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने मी दारापाशी उभी राहिले. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते आणि डाव्या हाताने पानं उलटत होते. दादा पान पूर्ण उघडायच्या आधीच आकडा सांगत होता. त्यांनी वर बघितलंच नाही. बाहेर आल्यावर त्याने मला समोसा खाऊ घातला.

उन्हाळा, पावसाळा नीट गेला. नवीन भाड्याच्या घरात आईने शेजारच्या पंजाबी बायकांना पेढे वाटले. बाबा रोज एकदा तरी दादाच्या बसने कुठेतरी जाऊन यायचे, उगाच.

डिसेंबरात धुकं आलं. पहिल्याच सकाळी दादाने माझी रजई ओढली. "चल. पुढच्या सीटवर बस. शाळा तर नाहीच तुला."

तेव्हापासून मी रोज त्याच्या मागे, काचेजवळ बसते. लाल असला की खोकते. कंडक्टरला वाटतं, मला दम्याचा त्रास आहे. तो मला वेलदोडा देतो.

आज धुकं असं होतं की वायपरच्या पलीकडे काहीच नाही. बस भरलेली. पंचकुल्याहून चढलेले बाबा मधे दांडा धरून उभे, कुणाला तरी सांगत होते, हा माझा मुलगा. लाइट पॉइंट जवळ आला. समोर एक उजेड होता, पांढुरका, दुधात बुडवल्यासारखा. मी डोळे ताणले. रंग नव्हताच त्याला. मला पण नाही दिसला.

आणि बस हळू होईना. मी खोकले नाही म्हणजे हिरवा, असं ठरलेलं आमचं.

"दादा, थांब."

त्याने इतक्या जोरात ब्रेक मारला की मागची माणसं एकमेकांवर पडली. बाबा दांड्यावर आपटले. समोरून, काचेपासून हातभर अंतरावरून, शाळेची पिवळी बस आडवी निघून गेली. खिडकीत एक लहान पोरगं टोपी घालून झोपलेलं.

दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. बाबांनी ते बघितलं. मग त्यांनी कपाळावरचं रक्त पुसलं आणि माझ्या सीटपाशी येऊन शांतपणे विचारलं,

"तू का सांगितलंस त्याला थांब म्हणून?"