भिंतीने बाहेर काढलेलं कोपर

भाद्रपद उतरणीला लागला की तिकडे ग्रीसमध्ये, एजियन समुद्राच्या काठी, ऊन पिकतं. ग्रीष्माचं ते शुभ्र, शस्त्रासारखं ऊन नव्हे. हे मधुवर्णी, मंदगती, ऑलिव्हच्या रुपेरी पानांवरून ओघळणारं, रानझुडपांचा ओव्यासारखा गंध अंगाला माखून घेणारं ऊन.

त्या उन्हात, टेकडीच्या उतारावर, एक घराणं निजलं होतं. बाप, आई, दोन मुलगे, एक सून; संगमरवरी शिळेवर सगळ्यांची नावं, आणि सगळ्यांभोवती एक दगडी भिंत. दोन हजारांहून अधिक वर्षं हे कुटुंब एका कुंपणात गुण्यागोविंदाने नांदत होतं. आजकालच्या घरांना हे एक पिढीही जमत नाही.

भिंत सरळ होती, सूत धरल्यासारखी सरळ. फक्त पूर्वेच्या टोकाला तिने अचानक कोपर बाहेर काढलं होतं, आणि त्या कोपराच्या कुशीत होती नुसती माती. उत्खननाच्या प्रमुख एवान्थियाबाई म्हणत, गवंडी चुकला. उद्या तो कोपरा बुजवायचा आणि नकाशात तिथे ‘रिकामा’ असं लिहायचं, हे ठरून गेलं होतं.

यमुना घोलपला ते मुळीच पटलं नव्हतं. ती शिरूरकडची, हाडांची जाणकार म्हणून या उत्खननावर बोलावलेली. घोडनदीकाठच्या मातीत जुनी दफनं उकरता उकरता तिचे केस पिकले होते. गवंडी चुकला तर भिंत कलते, असं तिचं रोखठोक म्हणणं होतं. भिंत वळते, ती कुणीतरी वळवली म्हणून.

सकाळी त्याच मातीत एक इवलीशी झारी निघाली होती. कृष्णवर्णी, तुळतुळीत, मुठीत मावणारी. पोटाला एक निमुळती चोच.

“दिव्यात तेल घालायची,” एवान्थियाबाई म्हणाल्या. “कुणाच्या तरी हातून पडली असेल.”

“दिव्याची नाही हो बाई, हे बोंडलं आहे. आमच्याकडे तान्ह्या बाळाला यातून दूध पाजतात. चोच बघा, इवल्या ओठांच्या मापाची आहे. इथे मूल आहे.”

“आणि नसलं तर?”

“तर उद्या माती मी ओढते. पण आहे.”

एवढी ठाम ती उगाच नव्हती. तिच्या घरी, कपाटात, एक बोंडलं होतं; चांदीचं, आईने हौसेने घडवलेलं, दुधाचा एक थेंबही न पाहिलेलं. मुलगी बारशाआधीच गेली. पुरुषमंडळी टोपली घेऊन गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. जागा कुठली, ते यमुनेला कुणी सांगितलं नाही. पुढे मुलगा झाला. मुलं किती, असं कुणी विचारलं की घरचे म्हणत, एक. यमुना गप्प बसे, पण त्या ‘एक’चा तिला संताप येई. इतक्या वर्षांनीही येई.

ती गुडघ्यांवर बसली. थापी फिरली, कुंचला फिरला. माती सरली, पुन्हा माती आली. ताम्रवर्णी माती, मग पिंगट माती, मग एक गडद, गोल, ओलसर सावली. आणि त्या सावलीत मडक्याची कड.

मडकं आडवं निजवलेलं होतं, तोंडाशी चपटा दगड लावून. आतली हाडं मातीने कधीच आपलीशी केली होती. उरले होते फक्त दात. हिरडीबाहेर कधी न आलेले, मौक्तिकवर्णी, तांदळाच्या कणीएवढे. यमुनेने कुंचला खाली ठेवला नाही. भिंतीच्या बुडाशी माती तिने आणखी थोडी सारली, आणि मग सगळं लख्ख दिसलं. पाया मडक्यापर्यंत येऊन थबकला होता, त्याला वळसा घालून पुढे गेला होता. आधी मूल निजलं, मागाहून भिंत आली. कुणीतरी उन्हात उभं राहून गवंड्याला बजावलं होतं, माझ्या लेकराला बाहेर ठेवायचं नाही.

एवान्थियाबाई तिच्याशेजारी मातीतच बसल्या.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “नाव मात्र कुठेच नाही याचं.”

“नाव नाही. पण घरात घेतलंय.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला मुलं किती, यमुना?”

“दोन,” ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. “मुलगा पुण्याला असतो. मुलगी बारशाआधीच गेली.”

“नाव काय ठेवणार होतीस?”

हे तिला आजवर कुणी, अगदी कुणीही, विचारलं नव्हतं. मनातल्या मनात ठेवलेलं नाव, ओठांवर कधी न आलेलं.

“शरयू.”

मोठ्याने म्हणाली ती. अंगणापलीकडे खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी, इतक्या मोठ्याने. उतारावरची पाखरं उडाली, आणि ते नाव झाडांमधून खाली गेलं, पायवाटेवरून खाली गेलं, खाली, खाली, पार पाण्यापर्यंत गेलं.